शीत कोणत्या भांड्यांतील?

शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपल्याकडे वडील माणसें सांगत आलीं आहेत. आणि शास्त्रकारांनीं याच व्यवहारास स्थालीपुलाकन्याय असें भारदस्त नांव दिलें आहे. सारा भात चिवडून पाहण्याचें कारण नाहीं. एक शीत बोटांत दाबून पाहिलें कीं भांडें उतरावें किंवा आणखी एक वाफ येऊं द्यावी, हें गृहिणीस कळतें. परंतु या न्यायांत एक अट आहे, आणि ती इतकी स्वयंसिद्ध आहे कीं कोणी ती बोलून दाखवीत नाहीं. तें शीत त्याच भांड्यांतील असलें पाहिजे. शेजारणीच्या भांड्यांतील शीत दाबून आपला भात शिजला असें म्हणणारी गृहिणी अद्याप आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र हा प्रकार पुष्कळदां घडतो, आणि तिन्हीसांजेस सहकुटुंब बसून आपण तो भात मुकाट्यानें जेवतों.

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं वर्तमानपत्रांच्या मथळ्यांविषयीं चार शब्द लिहिले. ते वाचून एका भगिनीनें विचारलें आहे कीं, "बातमी सांगणाराचा आवाज चालू असतां पडद्यावर जीं दृश्यें सरकत असतात, तीं कोण निवडतो, आणि कोणत्या नियमानें? आमच्या घरीं बातमी कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं, दृश्यें मात्र राहतात." प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याच्या अखेरच्या वाक्यांत त्याचें महत्त्वहि आलें आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईस एका वृत्तवाहिनींत चित्रसंकलनाचें काम करतो. दिवाळींत तो भेटावयास आला, तेव्हां आम्हीं त्याजकडून या धंद्याची माहिती करून घेतली. दीड मिनिटाची एक बातमी घ्या. तींत निवेदिका थोडाच वेळ दिसते. मग एखादा अधिकारी किंवा पुढारी दोन वाक्यें बोलतो. त्यास हे लोक 'बाईट' म्हणतात. उरलेला सारा वेळ वार्ताहराचा केवळ आवाज ऐकूं येतो, व पडद्यावर दृश्यें चालू असतात. या सहायक दृश्यांस कचेरींत 'व्हिज्युअल्स' म्हणतात. इंग्रजी पद्धतीनें शिकलेले 'बी-रोल' म्हणतात. हें नांव फिल्मच्या काळांतलें आहे. सोळा मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर काम चाले, तेव्हां बोलणाऱ्या माणसाची फिल्म एका रिळावर व तिजवर घालावयाचीं दृश्यें दुसऱ्या रिळावर ठेवीत. पहिलें 'ए', दुसरें 'बी'. फिल्म गेली, रीळ गेलें, नांव राहिलें. 'बी' या अक्षरांत दुय्यमपणाचा भास आहे. परंतु आमच्या पत्रलेखिकेचा अनुभव पाहतां मनावर ठसा उमटविण्याच्या कामीं मान याच रिळाचा पहिला आहे.

दृश्यानें वृत्त सांगण्याची हौस चलच्चित्राइतकीच जुनी आहे, आणि तिच्या दोन वाटा आरंभापासूनच दिसतात. १८९८ सालीं अमेरिका व स्पेन यांचें युद्ध जुंपलें. त्यांतील सँटिआगोच्या आरमारी लढाईचें 'चित्रण' न्यूयॉर्कच्या स्मिथ व ब्लॅक्टन या दोघांनीं लोकांस दाखविलें. तें त्यांनीं उथळ पाण्यांत कागदी जहाजें ठेवून, चिमूटभर दारू उडवून व सिगारचा धूर सोडून तयार केलें होतें. स्मिथ यांनींच पुढें आपल्या आठवणींत ही हकीगत सांगितली आहे. दुसरी वाट आपल्या मुंबईंत दिसते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे 'सावे दादा', यांनीं १९०१ च्या अखेरीस, केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परत आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचें चित्रण केलें. भारतीय माणसानें केलेल्या अगदीं आरंभींच्या वृत्तचित्रांत त्याची गणना होते. त्यांत धूर नव्हता, तोफा नव्हत्या. एक विद्वान तरुण होता व त्याच्या कौतुकास जमलेले लोक होते. पण तो तरुण तोच होता आणि ते लोक तेच होते. सव्वाशें वर्षें लोटत आलीं तरी दृश्यें निवडणाऱ्यापुढें याच दोन वाटा आहेत.

आतां चांगल्या सहायक दृश्याची परीक्षा कशी करावी? आम्हांस वाटतें कीं, यासाठीं नवें शास्त्र शोधण्याची गरज नाहीं. वाक्यांतून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं तीन कारणें लागतात, असें आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं ठरवून ठेवलें आहे. एका पदास दुसऱ्या पदाची अपेक्षा असावी, ही आकांक्षा. त्यांचा संबंध बाधित होऊं नये, ही योग्यता. 'विस्तवानें शिंपतो' या वाक्यांत ती नाहीं. आणि पदें एकमेकांजवळ उच्चारलेलीं असावीं, हा संनिधि. शब्दाशेजारीं शब्द ठेवतांना जी काळजी घ्यावयाची, तीच शब्दाशेजारीं दृश्य ठेवतांना घेतली म्हणजे झालें.

पहिली आकांक्षा पाहूं. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरावर पाण्याचें भीषण संकट आलें. मिरजेहून रेल्वेनें पाणी पाठविण्यास आरंभ झाला, आणि पहिली गाडी १२ एप्रिल रोजीं लातुरास पोंचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ही बातमी आपण सर्वांनीं पाहिली असेल. तिच्यासाठीं दृश्यें निवडावयाचीं आहेत, असें समजा.

हातीं सहज लागणारें पहिलें दृश्य म्हणजे भेगाळलेली जमीन. मंगलाष्टकांत ठराविक जागीं 'सावधान' यावें, तसें दुष्काळाच्या बातमींत हें दृश्य ठराविक जागीं येतें. तें तळें कोणतें, जिल्हा कोणता, साल कोणतें, याचा पत्ता नसतो. वाक्यास त्याची अपेक्षा नव्हती. रिकामी जागा भरावयाची होती, एवढेंच. दुसरें दृश्य इंजिनाचें व फलाटावर जमलेल्या गर्दीचें. हें त्याच दिवसाचें आहे, खरें आहे, आणि एकदां दाखविणें अवश्यहि आहे. परंतु बातमी पाण्याची आहे, इंजिनाची नव्हे. तिसऱ्या दृश्यासाठीं मात्र कॅमेरा खांद्यावर घेऊन गल्लींत जावें लागतें. टँकरच्या नळीखालीं धरलेली घागर, तिच्या तोंडावर गाळणें म्हणून बांधलेलें फडकें, थेंब सांडूं नये म्हणून नळी आवळून धरणारा हात, आणि त्या हातामागें शाळा चुकवून रांगेंत उभी राहिलेली मुलगी. 'शहरांत पाणी कित्येक दिवसांनीं येत असे' या वाक्यास ज्याची अपेक्षा होती तें हें दृश्य. तें समोर आलें म्हणजे पांच लाख लिटर हा आंकडा किती घागरींचा, आणि त्या घागरी किती घरांस पुरणार, हा विचार पाहणाराच्या मनांत आपोआप सुरू होतो.

आमच्या विद्यार्थ्यानें या कामांतल्या कांहीं साध्या युक्त्या सांगितल्या, त्याहि येथें द्याव्या. एकाच गोष्टीचीं तीन अंतरांवरून दृश्यें घ्यावीं: लांबचें, मधलें व अगदीं जवळचें. आम्हीं त्यास म्हटलें, "म्हणजे व्याकरणच झालें. लांबच्या दृश्यांत अधिकरण, मधल्यांत कर्ता आणि जवळच्यांत क्रिया." तो हंसला, पण त्यानें तें मान्य केलें. प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरावें. कॅमेरा गरगर फिरविणारास घटना दिसलेली नसते, म्हणून तो ती शोधीत असतो. घटनास्थळींचा स्वाभाविक आवाज राखावा; रिकाम्या घागरीवर घागर आदळल्याचा आवाज कोणत्याहि करुण वाद्यसंगीताहून अधिक बोलतो. आणि शेवटीं तो म्हणाला, "गुरुजी, दृश्यांत जें दिसतेंच आहे तें वार्ताहरानें पुन्हां सांगूं नये, दृश्यांत जें दिसूं शकत नाहीं तें सांगावें." घागर दिसत असतां 'ही घागर आहे' असें सांगणें व्यर्थ, ती भरावयास किती तास लागले, हें सांगणें उपयोगाचें.

शब्द एक सांगतात व दृश्य दुसरेंच सांगतें असें झालें, तर जय दृश्याचा होतो. १९८४ सालीं अमेरिकेंत अध्यक्षपदाची निवडणूक चालू असतां सीबीएस या संस्थेच्या लेस्ली स्टाल या बाईंनीं अध्यक्ष रेगन यांच्यावर एक टीकात्मक वृत्तांत प्रसारित केला. अपंग व वृद्ध यांच्या मदतीस कात्री लावूं पाहणारे हे गृहस्थ त्यांच्याच समारंभांत मिरवितात, हा त्यांतील एक मुद्दा होता. शब्द कठोर होते. परंतु त्यांस जोडलेलीं दृश्यें रेगन यांच्या प्रसन्न मुद्रेचीं, अपंगांच्या क्रीडास्पर्धेंतील, वृद्धांच्या निवासाच्या उद्घाटनाचीं. अध्यक्षांचीं माणसें रागावतील अशी बाईंची अपेक्षा होती. उलट त्यांच्या कचेरींतील एका अधिकाऱ्यानें समाधान व्यक्त केलें. तुमचे शब्द कोणी ऐकत नाहीं, सुंदर दृश्यें मात्र सर्व जण पाहतात, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. ही हकीगत बाईंनीं स्वतःच पुढें सांगितली आहे.

दुसरी परीक्षा योग्यतेची. दृश्य त्या स्थळाचें, त्या काळाचें आणि मुळांत खरें असावें. इतक्या साध्या गोष्टींत मोठमोठे कसे चुकतात, याचीं तीन उदाहरणें देतों. २०१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या एबीसी या संस्थेनें सीरियाच्या सीमेवर तुर्कस्तानानें केलेल्या माऱ्याचें म्हणून एक दृश्य दाखविलें. रात्रीच्या अंधारांत आगीचे लोळ उठत होते. तें दृश्य केंटकी राज्यांतील एका गोळीबाराच्या मैदानावरील असावें असें दिसून आलें, तेव्हां संस्थेनें तें मागें घेऊन दिलगिरी व्यक्त केली. ही स्थळाची चूक. पुढल्याच महिन्यांत, ११ नोव्हेंबरच्या सकाळीं, बीबीसीनें ब्रिटनचे तेव्हांचे पंतप्रधान जॉन्सन युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहत असल्याचें दृश्य दाखविलें. तें २०१६ सालचें होतें. आदल्या दिवशीं त्यांनीं चक्र उलटें ठेवल्याची चर्चा चालू होती, म्हणून लोकांस हेतूचीच शंका आली. संस्थेनें ती कामांतील चूक असल्याचें सांगून क्षमा मागितली. परंतु एकदां आलेली शंका क्षमेनें पुरती जात नाहीं. ही काळाची चूक. तिसरें उदाहरण आपल्या घरचें. २०२१ च्या सप्टेंबरांत अफगाणिस्तानांतील पंजशीर खोऱ्यावर विमानांचा हल्ला म्हणून आपल्याकडील कांहीं वाहिन्यांनीं जें दाखविलें, तें संगणकावरील एका खेळांतलें दृश्य होतें. तेथें स्थळ नव्हतें, काळ नव्हता, विमानहि नव्हतें. स्मिथ व ब्लॅक्टन यांस निदान कागद तरी कापावा लागला होता! आतां तर यंत्रास चार शब्द सांगितले कीं तें हवें तसें दृश्य क्षणार्धांत रचून देतें. तेव्हां ही परीक्षा पूर्वींपेक्षां अधिक कडक झाली पाहिजे.

कोणी म्हणेल, एखादें जुनें दृश्य लावलें तर कोणाचें काय बिघडतें? पूर तो पूरच. यास आमच्या अनुभवांतील एक गोष्ट उत्तर देईल. आम्ही सांगलीस राहतों. २००५, २०१९ व २०२१ या तीन वर्षांचे महापूर आम्हीं पाहिले. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना करावी. त्यानंतरच्या एका पावसाळ्यांत पाणी ४० फुटांच्या आसपास, म्हणजे इशाऱ्याच्या पातळीपाशीं आलें होतें. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, पण पेठेंत व्यवहार चालू होते व आमच्या घरीं रात्रीची खिचडी शिजत होती. त्या सायंकाळीं एका वाहिनीनें या बातमीस २०१९ चीं दृश्यें जोडलीं: दुकानांच्या पाट्यांस टेकलेलें पाणी, नावेंत बसविलेल्या म्हाताऱ्या. निवेदिका आंकडा बरोबर सांगत होती. पुण्यास मुलाकडे असलेल्या आमच्या वडील भगिनी, अक्का, यांनीं तो आंकडा ऐकलाच नाहीं. त्यांनीं बुडालेली पेठ पाहिली. आमचा फोन लागेना. रात्रीं दहा वाजतां भाचा भर पावसांत मोटार घेऊन आम्हांस आणावयास निघाला, आणि साताऱ्याजवळ फोन लागला तेव्हां परत फिरला.

अनिष्ट कांहीं घडलें नाहीं. परंतु त्यापुढची गोष्ट अधिक चिंतेची आहे. त्या दिवसापासून अक्कांच्या घरीं सांगलीच्या पुराचें कोणतेंहि दृश्य दिसलें कीं भाचा म्हणतो, "जुनें असेल." आमच्या आळींतहि असें म्हणणारे निघाले आहेत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांस सांगतों. तींत मेंढपाळाचा मुलगा खोटें बोलतो. येथें तर आंकडा सांगणारी खरेंच बोलत होती. खोटें बोललें तें दृश्य. ज्या रात्रीं घर सोडण्याची सूचना खरोखरच येईल, त्या रात्रीं 'जुनें असेल' हा एक शब्द एखाद्या कुटुंबास किती महाग पडेल! सहायक दृश्य ही सजावट नव्हे, ती साक्ष आहे, असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

तिसरी परीक्षा संनिधीची. रशियांतील चित्रपटकार कुलेशॉव्ह यांनीं १९२० च्या सुमारास केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा भावशून्य चेहरा त्यांनीं एकदां सुपाच्या थाळीशेजारीं व एकदां शवपेटीशेजारीं जोडला. प्रेक्षकांस पहिल्यांत भूक दिसली, दुसऱ्यांत शोक. चेहरा एकच होता. दृश्यांचा नुसता क्रम बदलला तरी अर्थ किती बदलतो, याचें दुसरें उदाहरण इंग्लंडांतलें आहे. १८ जून १९८४ रोजीं ऑरग्रीव्ह येथें संपकरी खाणकामगार व पोलीस यांची चकमक झाली. बीबीसीच्या सायंकाळच्या बातम्यांत आधीं कामगारांची दगडफेक दिसली व नंतर घोडेस्वार पोलिसांची धांव. कामगार म्हणत राहिले कीं, घोडे आधीं आले, दगड नंतर. दृश्यांचा क्रम अनवधानानें उलटा झाला होता, हें संस्थेनें १९९१ सालीं मान्य केलें. प्रत्येक दृश्य खरें, स्थळ खरें, दिवस खरा. आणि तरीहि कर्ता व कर्म यांची अदलाबदल झाली.

या संनिधीचा सर्वांत मोठा जाच होतो तो वाटेनें जाणाऱ्या निरपराध माणसास. आमच्या परिचयाचे एक निवृत्त कारकून आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरांत नोटा बदलून घेण्यासाठीं ते इतर हजारों लोकांप्रमाणें बँकेपुढें रांगेंत उभे होते. कोणी कॅमेरेवाल्यानें ती रांग टिपली. दोन वर्षांनीं कर्जें बुडविणाऱ्यांविषयींच्या एका बातमींत 'बँक' एवढा धागा धरून तीच दृश्यें लावण्यांत आलीं, आणि "या मंडळींनीं" हा शब्द वार्ताहराच्या तोंडून निघण्याच्या क्षणींच या गृहस्थांचा चेहरा, हातांत पासबुक धरलेला, पडद्यावर आला. पुरता चार सेकंदहि नसेल. त्या वेळीं त्यांच्या कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. स्थळाकडून कोणी स्पष्ट विचारलें नाहीं; पण मध्यस्थांमार्फत आडून चौकशी झाली. या गृहस्थांनीं जन्मांत कोणाचा आणा बुडविलेला नाहीं. ते आम्हांस म्हणाले, "नांव घेऊन खोटें बोलले असते तर दाद मागतां आली असती. नांव घेतलें नाहीं, फक्त चेहरा दाखविला. मी कोणाकडे जाऊं?"

अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख उघड करण्यास कायद्याची बंदी आहे. भारतीय न्याय संहितेचें ७२ वें कलम त्यासाठींच आहे, आणि बालकांसहि कायद्याचें असेंच संरक्षण आहे. परंतु रांगेंतल्या माणसाची अब्रू राखण्याचें काम कायद्यापेक्षां निवडणाराच्या विवेकाचें आहे. रोग, कर्ज, गुन्हा, व्यसन अथवा घरगुती कलह यांविषयींची बातमी असेल, तर तिच्याशीं संबंध नसलेल्या माणसाचा ओळखूं येणारा चेहरा तेथें येतां कामा नये. आणि ज्याचा संबंध आहे त्याचें दुःखहि वारंवार फिरवूं नये. पुत्रशोकानें ऊर बडविणारी माता एकदां दाखविली तर ती वार्ता होईल. दिवसभर दर घटकेस दाखविली तर तो तिच्या दुःखाचा बाजार होय.

वृत्तवाहिन्यांच्या अडचणी आम्हांस ठाऊक नाहींत असें नाहीं. चोवीस तास पडदा हलता ठेवावयाचा, प्रतिस्पर्ध्याच्या आधीं दाखवावयाचें, आणि बातमी हातीं आल्यावर दहा मिनिटांत दृश्यें शोधावयाचीं. आमचा विद्यार्थी म्हणाला कीं, संगणकाच्या संग्रहांत 'पूर' हा शब्द घातला कीं शेंकडों दृश्यें येतात; त्यांवर स्थळ, तारीख व टिपणाराचें नांव लिहिलेलें असेल तर योग्य तें दृश्य मिळतें, आणि नसेल तर दिसायला चांगलें तें उचललें जातें. म्हणजे खरी चूक दृश्य लावतांना नव्हे, तें सांठवितांना झालेली असते. लोणच्याच्या बरणीवर साल न लिहितां ती फडताळांत ठेवावी, आणि मग कोणती जुनी कोणती नवी असें सर्वांस विचारीत बसावें, त्यांतलाच हा प्रकार. हें काम हलकें समजून नवख्यांवर सोंपविण्याची रीत कोठें असेल तर ती आधीं बदलली पाहिजे.

योग्य दृश्य नसेलच, तर काय करावें? नकाशा दाखवावा, आंकड्यांचा तक्ता दाखवावा, एखादें स्थिर छायाचित्र दाखवावें. आणि यांतलेंहि कांहीं नसेल तर निवेदिकेनें सरळ प्रेक्षकांकडे पाहून बातमी सांगावी. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या आरंभींच्या वर्षांत बातमीचा बराच भाग नुसता चेहरा व आवाज यांवर चाले, म्हणून तिच्यावरील विश्वास कमी होता असें कोणास स्मरत नाहीं. जुनें दृश्य वापरणें अपरिहार्यच असेल, तर नुसतें 'संग्रहित' म्हणून भागणार नाहीं. 'सांगली, ऑगस्ट २०१९' असें स्थळासह व काळासह, वाचतां येईल एवढ्या अक्षरांत, दृश्य पडद्यावर आहे तोंवर लिहिलेलें असावें. ध्वनीसहि हाच नियम. २०२५ च्या मे महिन्यांत सीमेवर संघर्ष चालू असतां, हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा कार्यक्रमांत वाजवूं नये, असें सरकारला प्रसारमाध्यमांस सांगावें लागलें. कारण रोज पडद्यावर भोंगा ऐकणारा माणूस खऱ्या भोंग्यास उठणार नाहीं.

राहिला आपला, म्हणजे पाहणाराचा, भाग. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष व शब्द हीं निराळीं प्रमाणें मानलीं आहेत. पडद्यावरचें दृश्य आपण प्रत्यक्ष समजून चालतों. डोळ्यांनीं पाहिलें, आतां शंका कसली, असें म्हणतों. वस्तुतः आपण पाहतों तो पडदा. 'हें अमुक गांवचें, आजचें' हें आपणांस कोणी तरी सांगितलेलें असतें. अर्थात् तें शब्दप्रमाण आहे, आणि शब्द प्रमाण होतो तो सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह असेल तरच. हा भेद मुलांस लहानपणीं शिकवावा. संध्याकाळीं बातम्या पाहतांना घरांतील एखाद्या मुलास एवढेंच काम सांगावें: हें दृश्य कोठलें, केव्हांचें, आणि आतां जें वाक्य ऐकलें त्याच्याशीं याचा संबंध काय? पहिल्या दिवशीं त्याला खेळ वाटेल, आठवड्यानें संवय होईल. आणि हातांतल्या फोनवर कोणी एखादें दृश्य धाडलें, तर या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून तें पुढें धाडूं नये. कारण त्या क्षणीं निवडणारे आपणच असतों, आणि वृत्तवाहिनीस लावलेले सारे नियम आपणांसहि लागू होतात.

ज्या वाहिनीनें चुकीचें दृश्य दाखविलें असेल, तिला पत्र लिहावें. रागानें लिहूं नये. स्थळ, वेळ व चूक एवढेंच लिहावें. आमच्या त्या परिचितांसाठीं आम्हीं असें पत्र लिहिलें. उत्तर आलें नाहीं, परंतु तीं दृश्यें त्या बातमीसाठीं पुन्हां दिसलीं नाहींत. कन्येचा विवाह त्याच घरीं झाला, ती सुखांत आहे. अशीं पत्रें घरोघरून जाऊं लागलीं, तर दृश्य निवडणाऱ्या त्या तरुणांस दहा मिनिटांऐवजीं पंधरा मिनिटें देण्याचें वाहिनीच्या चालकांस कदाचित् सुचेल. पांच मिनिटांत बरणीवरची तारीख वाचून होते.